मुगभाटातल्या बंदुका

मुगभाट, गिरगाव
१५ जानेवारी १९५६

मनमोहन,

वर 'चि.' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

काल संक्रांत होती. वाडीतल्या पोरी तिळगुळाला येतील म्हणून दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून पोलीस आले. एक इन्स्पेक्टर, मागे शिपाई, खाली गाडी. आप्पांच्या सगळ्या बंदुका घेऊन गेले. भिंतीवरच्या, कपाटातल्या, आणि पलंगाखालच्या पेटीतली ती तोड्याची, वातीनं पेटवायची लांब बंदूकसुद्धा, जिला लहानपणी तू घाबरायचास. सरपणासारख्या एकावर एक रचल्या. मी म्हटलं, अहो, दस्ता आपटू नका, हस्तिदंत आहे. शिपाई हसला.

मी परवाना दाखवला. आप्पा गेल्यावर तो माझ्या नावावर झाला. तेव्हा तूच म्हणाला होतास, ताई, ही अडगळ तुलाच लखलाभ. इन्स्पेक्टरनं तो उभ्या उभ्या सगळा वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तुमच्याविरुद्ध काहीच नाही. तुमच्या बंधूंनीच दिल्लीहून आमच्या वरच्या साहेबांना फोन केला होता. बहीण एकटी राहते, दिवस हे असे, घरात हत्यारं आहेत, चळवळवाल्यांच्या हाती पडली म्हणजे? तुमच्या भल्यासाठीच आहे."

हत्यारं! अरे, त्यातल्या एकीलाही काडतूस चालत नाही. समोरून दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा, मग गारगोटीची ठिणगी पडली तर पडली. निम्म्यांच्या नळ्या बुजलेल्या आहेत. चळवळीतल्या पोरांच्या हाती पडल्या असत्या तर गणपतीच्या नाटकात भालदार-चोपदारांना मिळाल्या असत्या, एवढंच. तुला हे ठाऊक नाही? त्याच घरात वाढलास ना तू? आप्पा दर रविवारी त्यांना तेल लावायला बसायचे तेव्हा तू पाठ करून अभ्यास करायचास, आणि मी फडकी धरायचे. म्हणून त्या मला मिळाल्या. आता कळतंय की ते तुला कधी पटलंच नव्हतं.

जाहिराती तेवढ्या राहिल्या. काडतूस कंपन्यांच्या एनॅमलच्या पाट्या, बदकांची चित्रं असलेले दारूचे डबे, बूट घातलेली मडम बंदूक घेऊन उभी असलेली कॅलेंडरं. इन्स्पेक्टरनं विचारलं, "हे काय?" म्हटलं, जाहिराती. "राहू द्या," म्हणाला. जाहिरातींनी कोण मरतंय!

मिस्टर ॲलॉयशियस त्या वेळी इथेच होते. फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात जन्मभर ज्यांनी काचेची शोकेस सजवली आणि दुकानानं टाकून दिलेल्या पाट्या आप्पांसाठी उचलून आणल्या, तेच. खोताच्या वाडीत राहतात. रविवारी चर्चमधल्या मासनंतर येतात, आप्पा होते तेव्हापासून. काल शनिवार होता, पण सण होता म्हणून आले होते. ते अर्जाचा मसुदा करून आणणार आहेत. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तू एकच कर. ज्यांना फोन केलास त्यांनाच पुन्हा फोन कर आणि सांग की चूक झाली.

सुमती


मुगभाट, गिरगाव
२४ जानेवारी १९५६

मनमोहन,

तुझी तार पोचली. 'सुखरूप आहेस का कळव.' मी सुखरूप आहे. आता पुढचं वाच.

मुंबई दिल्लीच्या ताब्यात गेल्याचं रेडिओवर ऐकलं, त्या रात्रीपासून इथे काय काय झालं ते तुझ्या पेपरात आलंच असेल. तुमच्याकडे ते कसं आलं असेल याचीही मला कल्पना आहे. गुंड, दगडफेक, नाइलाज. मी तुला फक्त आपल्या नाक्यावरचं सांगते.

मधल्या एका सकाळी संचारबंदी जरा सैल होती. दूधवाला येऊन गेला होता. मिस्टर ॲलॉयशियस अर्ज घेऊन निघाले. त्यांच्या बहिणीनं, हेलननं, दारात अडवलं होतं. तिला म्हणाले, दोन गल्ल्या तर जायचंय. डोक्यावर हॅट, हातात छत्री. असा माणूस दगड मारतो का रे? नाक्यावर पोरं जमली होती, पलीकडे पोलीस. ओरडाआरडा झाला, पोरं पळाली. ह्यांना पळता येत नव्हतं, भिंतीला धरून उभे राहिले. गोळी मांडीत लागली.

मला काय ठाऊक! मी आवाज ऐकला आणि खिडक्या लावून घेतल्या. मग जिन्यावर धडाधड पावलं. समोरच्या कौसल्याबाईंचा गंगाधर आणि आणखी दोघं. "ताई, फळी द्या, दार द्या, काय असेल ते द्या, तुमचे ते पाटीवाले साहेब पडलेत." दिवाणखान्यातली ती मोठी पाटी मीच भिंतीवरून ओढली. दारासारखी लांब होती म्हणून आप्पांना ती आडवी लावावी लागली होती. तिच्यावर शिकारी आहे, उडती बदकं आहेत, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ह्या काडतुसाचा नेम चुकत नाही'.

त्या पाटीवर घालून त्यांना इस्पितळात नेलं, मनमोहन. पोरांनी चार कोपरे धरले होते. एनॅमल गुळगुळीत, त्यात रक्त, ते घसरत होते. मी बाजूनं पळत होते आणि त्यांचा कोट धरून ठेवत होते. गल्लीतले लोक खिडक्यांतून बघत होते. बघू देत. मिस्टर ॲलॉयशियसचे ओठ पांढरे पडले होते आणि मला म्हणतात, "बाय, पाटीचा रंग नाय ना गेला गो?"

अर्ज त्यांच्या खिशातच राहिला.

डॉक्टर म्हणतात, जगतील. पायाचं सांगत नाहीत.

माझ्या बंदुका, ज्या शंभर वर्षांत सुटल्या नाहीत, त्या जप्त झाल्या. ज्या सुटल्या त्या ज्यांच्या त्यांच्या खांद्यावर आहेत. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये एक फोन आहे, तुझा. तू तो केला नसतास तर अर्ज करावा लागला नसता, आणि हा माणूस त्या सकाळी आपल्या घरात चहा पीत बसला असता. हे मी रागानं लिहीत नाही असं म्हणणार होते. रागानंच लिहितेय.

सुमती


मुगभाट, गिरगाव
१२ जुलै १९५६

मनमोहन,

फेब्रुवारीत सरकारी कामाला आलास तेव्हा दोन तास घरी होतास. मी स्वयंपाक केला, तू जेवलास, सरंग्याची आमटी दोनदा घेतलीस. इतकं झाल्यावरही मी तुला वाढलं, कारण तू म्हणालास, "ताई, काळजीपोटी केलं गं. आता तुझ्या त्या बंदुका सोडवायचं मी बघतो." मी बावळट. मला वाटलं, आईवेगळा पोर, माझ्या हाताखाली वाढला, भितो जरा, पण आपला आहे.

त्यानंतर पाच महिने एक ओळ नाही. आणि आता हे पत्र. त्यात बंदुकांचा शब्द नाही. तुझ्या साहेबांकडे अमेरिकन पाहुणे येतात, त्यांना जुन्या जाहिरातींचा शौक आहे, मुंबईच्या त्या पाट्या बांधून दिल्लीला पाठव, 'नाहीतरी तिथे भिंती अडवून बसल्या आहेत'.

कुठली पाठवू? ती मोठी पाठवू? तिच्या एका कोपऱ्याला एनॅमल उडालंय, तिथून रक्त आत पत्र्यात शिरलं. मी लिंबानं घासलं, राखेनं घासलं. तिथे आता गंज धरलाय. अमेरिकन पाहुण्यांना विचार, चालेल का.

लोक इथे काय म्हणतात तेही ऐक. कौसल्याबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. लालबागला त्यांच्या चुलत दिराचा मुलगा गोळीबारात गेला. एक दिवस जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. ज्यानं माणसं मारतात ते भिंतीला लावून तुम्ही बघत कशा बसता?" मी घरी येऊन मोकळ्या खुंट्यांकडे बघत बसले. मग त्यांना बोलावलं, चहा दिला, आणि सांगितलं, माझ्या आप्पांनी ह्या गोळा केल्या त्या मारायला नाही. सोनार, सुतार, लोहार अशा तिघांनी मिळून केलेली ती कामं आहेत, मारायच्या वस्तूवर इतकी नाजूक वेल कोणी का काढली असेल ह्याचं आप्पांना फार नवल वाटायचं. मलाही वाटतं. त्या म्हणाल्या, "मला नाही वाटत." एवढंच बोलून चहा प्यायल्या. पण बोलायला लागल्या.

तुझ्यापेक्षा त्या बऱ्या. समोर येऊन बोलल्या.

ॲलॉयशियस घरी आलेत. डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. दुकानानं त्यांना निरोप दिला. शोकेसमध्ये गुडघे टेकून काम करावं लागतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. मी शाळेत शिकवून सुटले की तिकडे जाते. हेलनला एकटीला उचलायला जमत नाही, म्हणून.

पाट्या मिळणार नाहीत.

सुमती


मुगभाट, गिरगाव
४ मे १९५७

मनमोहन,

बंदुका परत आल्या. तुझ्यामुळे नाही. ॲलॉयशियस पलंगावर पाठीला उशी लावून अर्ज लिहायचे आणि मी ते घेऊन ह्या कचेरीतून त्या कचेरीत जायचे. निवडणुकीत गिरगावानं काय केलं ते तुला कळलंच असेल. त्यानंतर कचेऱ्यांतले लोक माझ्याशी जरा नरम बोलायला लागले, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

एक पावसाळा त्या पोलिसांच्या मालखान्यात, ओल्या फरशीवर पडून होत्या. तोड्याच्या बंदुकीचा दस्ता चिरला आहे. हस्तिदंत कुणीतरी चाकूनं उपटलंय. नळ्यांना लाल गंज. मी तिथेच, मालखान्याच्या पायरीवर, पदरानं पुसायला बसले. हवालदार म्हातारा होता, साताऱ्याकडचा. त्यानं मला बसायला पोतं दिलं.

मग मी म्हटलं, एक कमी आहे. चकमकीचं पिस्तूल. दस्त्यावर चांदीची वेल, वेलीत पोपट.

तो म्हणाला, "ते तुमच्या भावानं नेलं की, ताई. मागल्या साली फेब्रुवारीत. दिल्लीचं साहेब. सकाळच्याला आलं, म्हणालं घरचीच वस्तू हाय, बहिणीला देतो. मोठा माणूस, आमी दिलं. तुमास्नी मिळालं न्हाई?"

मनमोहन, फेब्रुवारीत.

म्हणजे तू मालखान्यातून निघून सरळ माझ्याकडे आलास. ते तुझ्या बॅगेत होतं. बॅग खुर्चीवर होती, मी ती उचलून कॉटवर ठेवली, म्हटलं किती जड, आणि तू म्हणालास, "फायली गं, ताई." आणि आमटी मागितलीस.

इतकी वर्षं मी तुला भित्रा समजत होते. भित्र्या माणसावर रागावता येतं आणि मायाही करता येते. तू भित्रा नाहीस. पाटावर बसून, ज्या हातानं ते उचललंस त्याच हातानं माझ्याकडून भात वाढून घेतलास. असं करायला छाती लागते.

आप्पांना ते पिस्तूल ग्रँट रोडच्या एका लिलावात मिळालं होतं. त्या दिवशी मी बरोबर होते, दहा वर्षांची. येताना ट्रॅममध्ये त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, "सुमे, पोपट मोज." तेव्हापासून ते माझं आहे. आप्पांनी तसं कधी म्हटलं नाही, पण आहे.

कुठे आहे ते? उत्तर दे.

सुमती


मुगभाट, गिरगाव
१५ नोव्हेंबर १९५८

मनमोहन,

उत्तर आलं नाही. भाऊबीजेची मनीऑर्डर आली. पोस्टमनबरोबर परत केली आहे. तुला ओवाळलेलं नाही, तेव्हा ओवाळणी कसली?

पुढे पाठवू नकोस.

सुमती


नवी दिल्ली स्टेशन
बायकांची वेटिंग रूम
१९ एप्रिल १९६०

मनमोहन,

वरचा पत्ता वाचून दचकू नकोस. गाडीला अवकाश आहे म्हणून इथूनच लिहितेय. तू दौऱ्यावर आहेस हे मला ठाऊक होतं. नसतास तरी आले असते.

राधा फेब्रुवारीत दादरला तिच्या भाचीच्या लग्नाला आली होती. तू तिला माझ्याकडे जाऊ नको म्हणून सांगितलं होतंस म्हणे. पण ती आली. पोहे खाल्ले, भिंतीवरच्या बंदुका बघितल्या, आणि सहज म्हणाली, "वन्सं, तुमचं ते पोपटवालं पिस्तूल साहेबांच्या दिवाणखान्यात काय शोभतं हो! आमच्या ह्यांना बढती मिळाली तेव्हा दिलं ना, सहायसाहेबांना फार आवडलं." माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "तुम्हीच दिलंत ना?" म्हणाली. मग तिला सगळं सांगितलं. ती तुझी बायको आहे, तिला ठाऊक असायला हवं होतं. बिचारी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. काल सहायसाहेबांच्या बंगल्यावर मला तिनंच नेलं, आणि फाटकापर्यंत नाही, आतपर्यंत आली.

साहेब कचेरीत होते. बाई घरी होत्या. जाड, हसऱ्या, पायाला मुंग्या येतात म्हणून वेताच्या मोढ्यावर पाय ठेवून बसल्या होत्या. राधानं ओळख करून दिली, ही माझी नणंद, मुंबईची. बाईंनी तोंडावर हात ठेवला. माझं हिंदी तुला ठाऊक आहेच, पण त्यांचं मला नीट कळलं.

त्या म्हणाल्या, "पण मनमोहनजींना तर बहीण नाही."

मी म्हटलं, "आहे. ही काय."

"त्यांनी सांगितलं होतं, वडील गेले, मुंबईच्या त्या घरात आता कोणी उरलं नाही, सगळं भंगारात जाणार, म्हणून ही एक वस्तू आणली."

मनमोहन, तुझ्या फोनचा मला राग आला, बॅगेचा आला. त्या वेळी मात्र राग आला नाही. मी तुला अंघोळ घातली आहे. तुझ्या मुंजीत आईच्या जागी मी बसले होते, पंधरा वर्षांची. तुझ्या कॉलेजच्या दिवसांत माझं स्थळ दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं, कारण तुझं शिक्षण व्हायचं होतं. आणि तुला एक पिस्तूल भेट द्यायचं होतं, म्हणून तू मला जिवंत ठेवलं नाहीस. मेली असंही म्हणाला नाहीस. मेलेल्यांचं निदान श्राद्ध करतात. तू म्हणालास, कोणी नाहीच.

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीतल्या शेकोटीच्या वर लावलं होतं, दोन खिळ्यांवर उलटं. चाप वर.

मी म्हटलं, "बाई, ते माझं आहे. माझ्याकडे परवाना आहे, दाखवू?"

त्यांनी परवाना बघितला नाही. पाय खाली घेतले, नोकराला हाक मारली नाही, स्वतः स्टूल ओढलं. राधा म्हणाली, अहो, पडाल. त्या चढल्या. पिस्तूल काढून खाली दिलं आणि वर उभ्या राहूनच म्हणाल्या, "माझे दोन भाऊ लाहोरहून निघाले ते पोचले नाहीत. आणि मनमोहनजींना घरात असलेली बहीण नको." मग उतरल्या आणि नव्या टॉवेलात ते गुंडाळून दिलं. चहा पिऊन जा म्हणाल्या. मी चहा प्यायले. दोन कप.

साहेबांना त्या काय सांगणार ते मी विचारलं नाही. ते तुझं तू बघ. दौऱ्यावरून आलास की तुला बोलावणं येईलच.

आता एक घरगुती बातमी. तुला कळवायची नाही असं ठरवलं होतं, पण काल त्या बंगल्यातून बाहेर पडताना ठरवलं की कळवायचीच.

गेल्या महिन्यात मी आणि ॲलीनं, मिस्टर ॲलॉयशियसनी, कचेरीत जाऊन लग्न नोंदवलं. साक्षीला हेलन आणि कौसल्याबाई होत्या. कौसल्याबाई म्हणाल्या, "बंदुका नाही आवडत, माणूस बरा आहे." त्याच्या पाद्रीबाबांना पटलेलं नाही, आपल्या नातेवाइकांना त्याहून नाही. शाळेत दोघीजणी माझ्याशी बोलत नाहीत. ह्या वयात, परधर्माच्या, लंगड्या माणसाशी! तूही हेच म्हणशील, तर हे लिहून तुझा तो त्रास मी वाचवला. त्याला माझा जिना चढायला वेळ लागतो. तो चढतो. वर आला की पहिल्यांदा खिडकीशी बसून दम खातो आणि मग विचारतो, आज काय बनवलंस गो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र होतोय. गल्लीत आत्तापासून बांबू रोवलेत, गंगाधर आणि त्याच्याबरोबरची पोरं रात्रंदिवस ढोल वाजवतात, झोप येत नाही. मला तिथे असायचंय. म्हणून आजच निघतेय.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही, आणि कुणी मध्यस्थी करायला पाठवू नकोस. एवढंच कर. पुन्हा कधी, कुणाही साहेबाजवळ, मुंबईच्या घराचा विषय निघाला तर खरं सांग. सांग की तिथे माणसं राहतात. दोन. आणि दुपारी चारनंतर दोघंही घरीच असतात.

सुमती